मिशीवरचं प्रश्नचिन्ह

"चित्र कसं बघायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही!"

असं हवामानराव गुरुवारी सकाळी आरशासमोर टाय बांधताना म्हणाले. बायकोने त्यांच्या टायची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली, कारण ती उलटी आली होती.

हवामानराव हे काही त्यांचं बारशातलं नाव नव्हे. ते एका दैनिकात उपसंपादक होते आणि गेली अकरा वर्षं हवामानाची चौकट त्यांच्याकडे होती. 'आकाश अंशतः ढगाळ राहील' हे एकच वाक्य त्यांनी हजारो वेळा लिहिलं होतं, आणि तेही नेहमी खरं ठरलं नव्हतं. कचेरीतले लोक त्यांना तोंडावर हवामानराव म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते इथे सांगण्यासारखं नाही.

अशात कलासमीक्षेचं सदर रिकामं झालं. संपादकसाहेबांनी हवामानरावांना केबिनमध्ये बोलावलं.

"एक लेख लिहून दाखवा. जमला तर सदर तुमचं, नाव आणि फोटोसकट. नाही जमला, तर ढग आहेतच."

नाव आणि फोटोसकट! हवामानराव केबिनमधून बाहेर आले ते जमिनीपासून चार बोटं वरून चालत.

विषयही ठरला होता. शहरातला एक नावाजलेला फॅशन फोटोग्राफर तरुण पुरुषांच्या पोर्ट्रेटचं प्रदर्शन भरवत होता. बारा तरुण, बारा चित्रं, प्रत्येक चित्र पुरुषभर उंच. उद्घाटन शनिवारी संध्याकाळी. पण शनिवारची पुरवणी छपाईला जायची शुक्रवारी दुपारी. म्हणजे चित्रं गुरुवारीच बघायला हवीत. आणि उद्घाटनाआधी आत सोडणार कोण?

मेहुणा!

हवामानरावांच्या बायकोचा धाकटा भाऊ याच फोटोग्राफरकडे नोकरीला होता. नेमकं काय करतो, ते हवामानरावांनी चार वर्षांत कधी विचारलं नव्हतं. कुणाच्या तरी मागे दिवा धरून उभा राहत असेल, अशी त्यांची समजूत होती. "माझ्या भावासाठी कधी कुठे एक शब्द टाकाल तर शपथ!" असं बायको महिन्यातून एकदा म्हणायची, आणि हवामानराव त्या वेळी पेपर जरा वर धरायचे.

तर गुरुवारी मेहुण्याने कलादालनाच्या मागच्या दाराने त्यांना आत घेतलं. फोटोग्राफर बाहेरगावी होता. भिंतींवर बारा तरुण एका रांगेत लागले होते. कुणी कोट घातला होता पण आत सदरा नव्हता, कुणी सदरा घातला होता पण बटणं लावली नव्हती. सगळ्यांचे गाल आत गेलेले, ओठ पुढे आलेले. कुणीतरी आधी उपाशी ठेवून मग वर रागे भरल्यासारखे दिसत होते बिचारे.

पण हवामानरावांचं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच गोष्टीने. प्रत्येक चित्रावर जाड लाल पेन्सिलीने रेषा ओढलेल्या होत्या! एकाच्या कानाभोवती वर्तुळ. एकाच्या हनुवटीवर फुली. एकाच्या खांद्यातून निघून आकाशाकडे जाणारा बाण. आणि सातव्या तरुणाच्या कोवळ्या मिशीवर, ऐन मध्यभागी, एक भलंमोठं प्रश्नचिन्ह!

हवामानरावांच्या अंगावर काटा आला.

"भावोजी, एक सांगू का," मेहुणा शिडीवरून म्हणाला, "या ज्या लाल—"

"काही सांगू नकोस!" हवामानरावांनी हात वर केला. "समीक्षकाचं मन कोरं हवं."

"नाही, पण हे अजून—"

"अरे, गप्प बस म्हटलं ना! मला चित्राशी बोलू दे."

मेहुणा गप्प बसला. हवामानराव दीड तास चित्राशी बोलले. त्या दीड तासात त्यांनी दोन पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा मिटून बघितलं, आणि एकदा चुकून दोन्ही.

लेख मात्र झरझर उतरला. त्यातला थोडा मासला असा: 'ही बारा छायाचित्रं मुळात थंड आहेत. असे चेहरे कापडाच्या कुठल्याही दुकानाच्या काचेवर दिसतात. पण ज्या हाताने त्यांवर निर्दयपणे लाल रेषा ओढल्या, तो हात खऱ्या कलावंताचा! कानाभोवतीचं वर्तुळ बघा. आजचा तरुण सगळ्यांचं ऐकतो, पण त्याचं कोण ऐकतं? खांद्यातून सुटलेला बाण म्हणजे झेप घेऊ न शकलेलं स्वप्न. आणि मिशीवरचं प्रश्नचिन्ह! पुरुषत्वालाच विचारलेला एवढा रोखठोक प्रश्न आम्ही आजवर पाहिला नव्हता.'

संपादकसाहेबांनी लेख दोनदा वाचला. "हवामानराव, हे तुम्ही लिहिलंत?" एवढंच त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "शनिवारी सहकुटुंब येतो मी बघायला." शुक्रवारी पान छपाईला गेलं.

शनिवारी दुपारी हवामानराव घरी एकटेच होते. बायको बँकेत होती, तिथून परस्पर कलादालनात येणार होती. ते स्वतःचा लेख अकराव्यांदा वाचत असताना दार वाजलं. दारात मेहुणा, हातात पुरवणी, चेहरा कावराबावरा.

"भावोजी, हे तुम्ही माझ्याबद्दल लिहिलंय?"

"तुझ्याबद्दल? तुझा काय संबंध?"

"लाल रेषा माझ्याच आहेत ना! मी रिटचिंग करतो. प्रिंट भिंतीवर लावायचे, लांबून बघायचं, जिथे खोट दिसेल तिथे खूण करायची. मग कॉम्प्युटरवर दुरुस्त करून नवे प्रिंट काढायचे. तो कान जरा मोठा दिसत होता."

हवामानराव खुर्चीत बसले. खुर्ची तिथे होती हे नशीब.

"आणि... बाण?"

"खांदा पडला होता. वर घ्यायचा होता."

"मिशी?" हवामानरावांचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा आला.

"ठेवायची की काढायची ते सरांना विचारायचं होतं, म्हणून प्रश्नचिन्ह. सर म्हणाले काढ. काढली!"

"मग आत्ता भिंतीवर काय आहे?"

"स्वच्छ प्रिंट! एक डाग नाही, एक रेष नाही. बघाच तुम्ही, किती गुळगुळीत झालेत सगळे!"

हवामानरावांच्या पायाखालची जमीन सरकली. सहा वाजता संपादकसाहेब सहकुटुंब येणार. हातात लेख, भिंतीवर गुळगुळीत पोरं! कुठे आहे वर्तुळ? कुठे आहे बाण? मिशीवरच्या प्रश्नचिन्हाचं सोडा, मिशीच नाही! कचेरीभर हसं होणार आणि ते मरेपर्यंत पुरणार. हवामानराव ग्लास समजून फुलदाणीतलं पाणी प्यायले.

"जुने प्रिंट कुठे आहेत?" त्यांनी फूल बाजूला काढत विचारलं.

"मागच्या खोलीत. सोमवारी फाडायचेत."

"ते परत लाव."

"काय?"

"परत लाव! अरे, माझी अब्रू आहे त्यात!"

"भावोजी, सर मला कामावरून काढतील!"

"काढणार नाहीत. मी बघतो." कसं बघणार होते ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

मेहुण्याने हातातली पुरवणी गुंडाळून खिशात घातली. मग म्हणाला, "चार वर्षांत तुम्ही माझ्याकडे काही मागताय ते याच आठवड्यात. नाहीतर बोलताही कुठे फारसं." हवामानरावांना क्षणभर स्वतःची लाज वाटली. पण घड्याळात तीन वाजले होते, आणि लाज वाटून घ्यायला पुढे आयुष्य पडलं होतं.

चार ते साडेपाच दोघांनी हमाली केली. मेहुणा शिडीवर, हवामानराव खाली शिडी धरून. शिडी हलत नव्हती, हवामानराव हलत होते, त्यामुळे ती हलायला लागली. सहाव्या चित्राला रखवालदार आला आणि "हे काय चाललंय?" म्हणाला. हवामानरावांनी त्याला "कला!" असं एका शब्दात उत्तर दिलं. आश्चर्य म्हणजे तो गेला. शेवटचं चित्र लागलं तेव्हा बाहेर गाड्यांची दारं वाजायला लागली होती.

पहिले आले ते चित्रातले तरुण. बाराच्या बारा, कोट घालून, आत सदरा नाही. पहिल्याने स्वतःचं चित्र पाहिलं आणि झटकन कानावर हात ठेवला.

"माझ्या कानाला काय झालंय?"

"माझ्या हनुवटीवर फुली कुणी मारली?" दुसरा ओरडला.

तिसरा खांदे वर करून उभा राहिला तो शेवटपर्यंत तसाच राहिला. मिशीवाला खिशातून आरसा काढून कोपऱ्यात गेला.

मग फोटोग्राफर आला. दारात पाऊल टाकलं आणि थिजला. चेहरा आधी पांढरा, मग लाल, मग असा काही रंग की त्याला मराठीत शब्द नाही. त्याची नजर मेहुण्याला शोधायला लागली. मेहुणा हवामानरावांच्या मागे लपला आणि हवामानराव खांबाच्या मागे लपले.

पण तोवर लोक आत घुसले होते, आणि प्रत्येकाच्या हातात पुरवणी! लोक लेख वाचत, चित्राकडे बघत, माना डोलवत. एक म्हातारे गृहस्थ कानाच्या वर्तुळासमोर रुमाल काढून डोळे पुसत होते. "माझा मुलगा असाच आहे हो," ते फोटोग्राफरचा हात धरून म्हणाले, "मी कधी त्याचं ऐकलंच नाही." फोटोग्राफरने तोंड उघडलं, मिटलं, आणि अतिशय नम्रपणे मान खाली घातली. धंद्यात मुरलेला माणूस होता तो.

हवामानराव खांबाआडून एक पाऊल बाहेर आले. पलीकडे संपादकसाहेब बायकोला लेखातलं वाक्य वाचून दाखवत होते. हवामानरावांची बायकोही आली होती, बँकेची पिशवी खांद्याला. वाचलो, असं हवामानरावांना वाटलं. नुसते वाचलो नाही, जिंकलो! नाव आणि फोटोसकट!

तेवढ्यात एका मोठ्या कापड कंपनीच्या मालकीणबाई मिशीसमोर थांबल्या.

"हे प्रश्नचिन्ह!" त्या म्हणाल्या. "फोटो ठीक आहेत, पण असली रेष मी कुठे पाहिली नाही. आमच्या नव्या कपड्यांच्या जाहिरातींवर मला हाच हात हवा. कुणी काढल्यात या रेषा?"

सगळे फोटोग्राफरकडे बघायला लागले. फोटोग्राफरने घसा साफ केला.

"मीच!" मागून आवाज आला.

मेहुणा! भाबडा जीव, कुणी प्रश्न विचारला की खरं उत्तर द्यायची खोड. तो पुढे झाला, मालकीणबाईंना नमस्कार केला, आणि हवामानरावांचा दंड धरून त्यांना खांबाआडून दिव्याखाली ओढलं.

"पण खरं श्रेय यांचं! हे नसते तर या रेषा कचऱ्यात गेल्या असत्या. लेख यांनीच लिहिला. हे माझे भावोजी! सख्खे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. संपादकसाहेब तेवढे टाळ्या वाजवत नव्हते. त्यांनी पुरवणीची घडी घातली आणि बोटाने हवामानरावांना बाजूला बोलावलं.

"तो तुमचा मेहुणा?"

"हो, साहेब."

"पेपरात नात्यातल्या माणसाचे गोडवे गायचे नाहीत. आधीच्या समीक्षकाला याच कारणाने काढलं. बायकोच्या नाचावर लिहीत होता." ते अगदी शांत आवाजात बोलत होते, आणि तेच भयंकर होतं. "मला सरळ सांगा. लिहिताना तुम्हाला ठाऊक होतं, की रेषा त्याच्या आहेत?"

हवामानरावांनी तोंड उघडलं. 'नव्हतं ठाऊक!' जिभेवर आलंच होतं. पण नव्हतं ठाऊक, तर मग काय ठाऊक होतं? कुणाच्या रेषा समजलात? कशासाठी काढलेल्या समजलात? हे साहेब विचारणारच. पाठीमागे मेहुणा मालकीणबाईंना मोठ्या उत्साहाने सांगत होता, "खोट दिसली की मी खूण करतो!" आणि मालकीणबाई म्हणत होत्या, "वा! समाजातली खोट!" पण संपादकसाहेब काही मालकीणबाई नव्हते. त्यांना दोन मिनिटांत सगळा उलगडा झाला असता. इकडे आड, तिकडे विहीर. लबाड ठरायचं की गाढव, एवढंच काय ते हवामानरावांच्या हातात उरलं होतं.

"ठाऊक होतं, साहेब," ते मान खाली घालून म्हणाले. "वशिला लावला."

संपादकसाहेबांनी घडी घातलेली पुरवणी त्यांच्या हातात ठेवली. "वाईट वाटलं मला. नजर होती हो तुमच्याकडे!" ते हळहळून म्हणाले. "सदर मी आता क्रीडावाल्याला देतो. सोमवारी तुमचे ढग वेळेवर द्या." आणि ते निघून गेले.

हवामानरावांना रडावंसं वाटलं. वळून बघतात तो मागे बायको उभी. तिने सगळं ऐकलं होतं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती नवऱ्याकडे अशी बघत होती, जशी लग्नातसुद्धा बघितली नव्हती.

"माझ्या भावासाठी?" ती म्हणाली. "माझ्या भावासाठी तुम्ही एवढ्या वर्षांनी हाताशी आलेल्या सदरावर पाणी सोडलंत? आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत!"

खरं सांगायला हीच वेळ होती. हवामानरावांनी एक दीर्घ श्वास घेतला, मिशीवरच्या प्रश्नचिन्हाकडे एकदा बघितलं, आणि ते म्हणाले, "त्यात काय एवढं! आपलाच पोरगा आहे."