बघितलं की शहाणा होणारा बोर्ड

मेसेज पाठवणं म्हणजे काय, इकडून टाकायचा आणि तिकडं वाचायचा. दोन दिवसांत सूचनांचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड लावून देतो, असं बुद्धभूषणनं काकासाहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं. बजाजनगरजवळच्या त्या कारखान्यात काकासाहेब मॅनेजर आणि बुद्धभूषण कंत्राटावरचा प्रोग्रामर. शुक्रवारी कारखाना बघायला पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर बोर्ड नीट चालला तर नोकरी कायम, नाही तर महिनाअखेर नमस्कार. आईनं तर तो कायम झाल्याचं उस्मानपुऱ्यातल्या निम्म्या गल्लीला आधीच सांगून टाकलं होतं.

मंगळवारी बोर्ड सुरू झाला. प्रोग्राममध्ये दोन कामं एकाच वेळी चालायची. एक मशीनच्या तक्रारी पाठवायचं, दुसरं ऑफिसच्या आणि कँटीनच्या सूचना. पण बोर्डाकडं जायची वाट दोघांची एकच. अकराच्या सुमारास बोर्डावर आलं, "लाइन चारवर वांग्याची भाजी, लवकर या." त्याखाली, "आज जेवणात तेलगळती, काम थांबवा." लाइन चारवर पन्नास माणसं ताटं घेऊन हजर! कँटीनच्या सारजाबाईंनी वीस वर्षं राखलेलं नाव एका ओळीत गेलं, म्हणून त्यांनी बुद्धभूषणला वाढायचंच बंद केलं.

उपाशीपोटी तो चूक शोधायला बसला. कुठं काय घडतंय ते कळावं म्हणून त्यानं प्रोग्रामला पावलोपावली नोंद लिहायला लावली. नोंदी सुरू झाल्या आणि बोर्ड एकदम सालस झाला. दोन दिवस एक चूक नाही. प्रश्न सुटला, असं त्यानं जाहीर करून टाकलं.

प्रोग्राम तपासणाऱ्या मेघाला ते पटलं नाही.

"सर, सुटला नाय. नोंद लिहिताना दोघं जरा थांबतात, म्हणून टक्कर होत नाय. लॉक लावा. एकाचं पुरं झाल्याबिगर दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाय."

पण लॉक लावायचं म्हणजे काम अर्धवट होतं हे काकासाहेबांना सांगणं आलं. तेवढं धाडस काही बुद्धभूषणला झालं नाही. उलट पाहुण्यांसमोर बोर्ड झटपट चालावा म्हणून शुक्रवारी सकाळी त्यानं सगळ्या नोंदी काढून टाकल्या.

पाहुणे आले. बोर्ड सुरळीत चालला होता. काकासाहेब खुशीत येऊन म्हणाले, एक गोड बातमी बोर्डावरच देतो, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं बटण दाबलं. नेमकी त्याच क्षणी भट्टी क्रमांक तीन बिघडली आणि तिचीही सूचना निघाली.

बोर्डावर ठळक अक्षरं उमटली, "बुद्धभूषण यांना दुरुस्तीसाठी तीन दिवस बंद ठेवण्यात येत आहे, जवळ जाऊ नये." आणि खाली, "भट्टी क्रमांक तीनला सोमवारपासून नोकरीत कायम करण्यात येत आहे, अभिनंदन!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बुद्धभूषणला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. काकासाहेबांनी दोन्ही ओळी सावकाश वाचल्या.

"बोर्डावर आलं म्हंजे आलं. भट्टी झाली पर्मनंट. तुझं बघू, दुरुस्ती झाल्यावर."

तो मेघाशेजारी जाऊन बसला आणि लॉक कसं लावायचं ते विचारलं. त्याला बरोबर तीन दिवस लागले. कुणी जवळ गेलं नाही.

सोमवारी भट्टीवरच्या माणसांनी हक्कानं पेढे मागितले. भट्टीला काही बाजारात जाता येईना, म्हणून ते बुद्धभूषणनं आणले.