कोबीवरचा घोडेस्वार

बल्गेरियातल्या विद्रोवो गावी ऑक्टोबरात घरोघरी पिंपात कोबी खारवतात आणि तो वर तरंगू नये म्हणून त्यावर दगड ठेवतात. नेदकाआजीचा दगड तिच्या सासूच्या सासूपासूनचा. नाताळात जर्मनीहून येणारा तिचा मुलगा ओग्न्यान त्याच कोबीच्या पानांत भात-खिमा गुंडाळून केलेल्या सार्मीसाठी यायचा. आईसाठी येतो, असं तो नुसतं म्हणायचा.

यंदा धुऊन अंगणात वाळत ठेवलेल्या त्या दगडावर डॉक्टर चाकालोव्ह या संशोधकांना कुणाच्या तरी थडग्यावरची लॅटिन अक्षरं दिसली. संध्याकाळपर्यंत सदर दगड राष्ट्रीय वारसा झाला आणि सरपंच द्रांदारोव्ह तो उचलून घेऊन गेले.

"अहो, माझा कोबी?" आजी म्हणाली.

"आजी, कोबीचं काय घेऊन बसलात! रोमन फौजेच्या साहाय्यक घोडदळातला वीर आहे हा. आपल्याच रक्ताचा, रणात पडलेला!"

आठवड्यात चौकाला, शाळेला आणि सरपंचांच्या मेहुण्याच्या दारूला वीराचं नाव मिळालं. मग चाकालोव्हांनी दगडावरचा खारवणीचा थर काढला. खालच्या अक्षरांत वीर परमुलखातला निघाला. बायको तेवढी इथली. गावच्या वारसा समितीने ठराव केला, की वीर हा गावचा जावई असून जावयाचा मान मुलापेक्षा मोठा असतो. आणखी थर निघाला. वीर रणात नव्हे, तबेल्यात स्वतःच्याच घोड्याच्या लाथेने गेला होता. समिती रात्रभर बसली आणि घोडा शत्रूला फितूर होता असं एकमताने ठरलं.

इकडे कोबी वर आला. आजी नदीवरून दुसरा दगड आणू लागली, तर चौकीदार आडवा. गावातला कोणताही जुना दगड तपासणीपूर्वी हलवण्यास मनाई होती.

"अरे मेल्या, नदीतला धोंडा आहे तो!"

"तपासल्याशिवाय धोंडा आहे हे कशावरून?"

आजीने सरपंचांचं डोकं खाल्लं, तेव्हा तिला सन्मानपूर्वक मूळ दगडाची प्रतिकृती मिळाली. थर्मोकोलची. ती कोबीच्या वर ऐटीत तरंगू लागली. आजीला रडूच आलं. पानं कुजली तर पोराला वाढायचं काय?

वीराच्या दगडाच्या अनावरणाच्या दिवशी सगळा गाव चौकात. बँड वाजला. शेवटच्या थराखाली नुकतीच वाचलेली ओळ चाकालोव्हांनी जाहीर केली: "वाटसरा, वाचलंस? मग आता घरी जा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीही हललं नाही. सरपंचांनी तर त्या ओळीवर पाऊण तास भाषण केलं.

घरी गेली ती एकटी नेदकाआजी. जाताना चौथऱ्यामागे बसवायची राहिलेली, सरपंचांचं नाव कोरलेली ग्रॅनाइटची पाटी तिने हातगाड्यावर घातली. दगड कालचाच होता; नियम जुन्या दगडांना होता.

"काय वजन आहे हो सरपंचांना!" पाटी कोबीवर दाबत ती म्हणाली. वरची कुजलेली पानं तिने काढून टाकली होती. खालचा कोबी बचावला.

नाताळात ओग्न्यानने अकरावी सार्मी संपवून विचारलं, "आई, यंदा जास्तच आंबट झालाय का गं कोबी?"

"होणारच. वर कोण बसलंय बघ."

दोन हजार वर्षांनी ती पाटी कुणाला तरी सापडेल. विद्वान जमतील, द्रांदारोव्ह हा या लोकांचा कोबीरक्षक देव होता असं सिद्ध करतील, आणि चौकात उभे राहून लोक टाळ्या वाजवतील. हसू नका. वाटसराला घरी जायला सांगून किती वेळ झाला, आणि तुम्हीही अजून इथेच उभे आहात.