धरणारा कुत्रा, घरच्यांसाठी सुरक्षित

ज्या घराण्याला इतिहास आहे, त्याला कुत्रा निवडण्याचं स्वातंत्र्य नसतं. ज्यांच्या पूर्वजांनी काहीच केलं नाही, ते लोक सुखी. ते एखादा पांढरा झुबकेदार कुत्रा आणतात, त्याला दूधपोळी घालतात आणि विषय संपतो. उज्जैनच्या माधव नगरातल्या प्रभाकरराव शिकारखाने यांचं तसं नव्हतं. त्यांचे सात पिढ्यांमागचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारी शिकारी कुत्र्यांवर देखरेख करत (म्हणजे त्यांच्या भाकऱ्या मोजत, पण घरात 'देखरेख' हाच शब्द चालतो). त्यामुळे सहा वर्षांची नात मानसी जेव्हा "दादाजी, मुझे डॉगी चाहिए" म्हणाली, तेव्हा प्रभाकररावांना एकदम दोन दुःखं झाली. एक डॉगीचं. दुसरं जरा जुनं होतं, ते दादाजीचं.

कारण प्रभाकरराव मराठी मंडळाच्या 'घरात मराठीच' या उपक्रमाचे अकरा वर्षं अध्यक्ष होते. अहवाल अकरा, यश शून्य, चहा अंदाजे नऊशे कप. अडीचशे वर्षं परमुलखात टिकवलेली भाषा आपल्याच दिवाणखान्यात, आपल्याच नातीपाशी संपणार, हे त्यांना मनापासून खुपत असे. त्यावर ते मंडळात फार सुंदर बोलत. मग घरी येऊन फाटकाशी भाजीवाल्याला "भैया, गिलकी कैसे दी?" असं विचारत.

"बाबा, लॅब्राडोर घेऊ या ना," सून ऋचा म्हणाली. "बच्चों के साथ एकदम सेफ रहता है."

प्रभाकररावांनी तिला समजावलं की शिकारी कुत्रे दोन जातींचे. एक धावणारा, दुसरा धरणारा. धावणारा डुकराच्या मागे पळतो. धरणारा त्याला कानाशी पकडून मालक येईपर्यंत हलू देत नाही. शिकारखान्यांना धरणाराच शोभेल. शिकारीला कायद्याने बंदी आहे, हे त्यांना पूर्ण मान्य होतं. शिकार करायचीच नव्हती, फक्त तशी सोय घरात असावी एवढंच होतं.

"आणि पोरीला चावला म्हणजे?" पत्नी सुमनताईंनी विचारलं.

म्हणून समिती नेमण्यात आली. अध्यक्ष प्रभाकरराव, सचिव सुमनताई (चहा त्याच करणार होत्या), सदस्य चिरंजीव सुमीत (कायम गैरहजर). समितीने ठरवलेले निकष असे: कुत्र्याने चाळीस किलोचं डुक्कर धरून ठेवावं, सहा वर्षांच्या मुलीने शेपटी ओढल्यास दुसरीकडे पाहावं, चातुर्मासात कांद्याचा आग्रह करू नये, नातेवाईक आणि डुक्कर यांतला फरक त्याला ओळखता यावा (सुमीतच्या मते ही अट फार कडक होती).

पहिला उमेदवार देवासहून आला आणि मुलाखतीत झोपला. दुसऱ्याने मुलाखतीचा कागद खाल्ला. तिसरा सांगोल्याकडच्या विष्णूचा. विष्णू महाकालाच्या दर्शनाला निघाला होता आणि गाडीत जागा होती म्हणून कुत्राही घेऊन आला होता. त्याचं नाव बाजिंदा. रंग गुळाचा, डोळे सरकारी कारकुनाचे.

"सायेब, लई गुनी जनावर हाय," विष्णू म्हणाला. "'धर' म्हनलं की धरतंय, 'सोड' म्हनलं की सोडतंय. दात लावत न्हाई, निस्तं धरून ठिवतंय. शिकवन समदी मराठीत. हिंदी त्येला अजाबात कळत न्हाई."

समितीचं कामकाज तिथेच संपलं. हिंदी अजिबात न कळणारा जीव प्रभाकररावांनी उज्जैनमध्ये पहिल्यांदाच पाहिला होता. त्यांचे डोळे भरून आले.

पहिल्याच सकाळी सुमनताई ओट्याशी म्हणाल्या, "ऋचा, हे पातेलं जरा धर." बाजिंदा उठला, डुकरासाठी स्वयंपाकघर तपासलं आणि सुमनताईंचा पदर धरून उभा राहिला. हुकूम आला आहे आणि डुक्कर दिसत नाही, त्या अर्थी हुकूम देणारी व्यक्तीच ते असणार, असा त्याचा सरळ विचार होता. 'सोड' म्हटल्यावर सोडलाही. पदराला सुरकुतीसुद्धा नव्हती. प्रभाकररावांनी लगेच परिपत्रक काढलं: यापुढे घरात 'धर'ऐवजी 'घे' म्हणावं. आदरार्थी 'धरा' चालेल, कारण मान देऊन बोललेलं कुत्रा मनावर घेत नाही.

एक शब्द गेला. भाषेला तेवढं सोसतं. पण दुपारी ऋचा मानसीला म्हणाली, "इधर आ, चोटी बना दूँ." आणि बाजिंदाने ऋचाची ओढणी धरली. संध्याकाळी सुमीत कामावरून आला, "मेरा चार्जर किधर है?" म्हणाला आणि विजारीसकट धरला गेला. मग सगळ्यांच्या लक्षात आलं. मराठीत 'धर' दिवसातून चारदा येतो. हिंदी मात्र त्याच्यावरच उभी आहे. इधर, उधर, किधर, जिधर, सुधर जा. बाजिंदाला राम घाटावर नेलं, तेव्हा पंडे चहूबाजूंनी "इधर आइए, यजमान" म्हणत होते. चौदा मिनिटांत तीन सोवळी धरली गेली आणि कुत्र्याला धाप लागली. समोरच्या मुरलीधर काकांना आता सगळे नुसतं 'मुरली' म्हणतात (ते बहात्तर वर्षांचे आहेत आणि खूश आहेत). आधार कार्डाबाबत बाजिंदाची भूमिका अद्याप स्पष्ट झालेली नाही.

यानंतर जे झालं, ते अकरा अहवालांना जमलं नव्हतं. घर भीतीने मराठी बोलू लागलं. सुमीत चाचरत "माझा चार्जर कुठे... ठेवला गेला आहे?" असं विचारू लागला. ऋचाने माहेरी फोन करून विसरलेले शब्द मागवून घेतले. आणि एकविसाव्या दिवशी मानसीने अंगणातून हाक मारली, "आजोबा, इकडे या ना!"

प्रभाकरराव देवघरात जाऊन बसले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग त्यांनी नाक पुसलं आणि शिस्तीचा माणूस असल्यामुळे एक वही उघडली. वहीवर लिहिलं, 'धरपकड नोंद'. कोण हिंदी बोलतं आणि किती वेळा धरलं जातं, ते मंडळाला आकड्यांनिशी दाखवायचं होतं.

महिन्याची बेरीज अशी आली: मानसी एकदा, सुमनताई दोनदा, ऋचा चारदा, सुमीत सहा वेळा. प्रभाकरराव एकतीस.

त्यांनी बेरीज पुन्हा करून पाहिली. बत्तीस आली. मग तपशील काढला. फाटकाशी भाजीवाल्यासमोर अकरा, फोनवर नऊ, रागाच्या भरात सात, दुपारच्या झोपेत चार. आणि एक मंडळातल्या 'आपली माय मराठी' या भाषणाची तयारी करताना, पंखा नीट फिरत नव्हता म्हणून. झोपेतल्या चारांनी त्यांना फार वाईट वाटलं. जागेपणी माणूस काहीही टिकवू शकतो. झोपेत ते हिंदी होते.

मंडळात त्यांनी वही नेली (स्वतःचं पान पिनने बंद करून), आणि सोबत बाजिंदालाही. सभासद त्रेचाळीस, सगळे भारावले. प्रत्येक घरी बाजिंदा आठवडाभर पाठवावा, असा ठराव आला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माई म्हणाल्या, "पहिले आमच्याकडे पाठवा, आमचे चिरंजीव बिलकुल सुधारत नाहीत." त्या 'सुधारत' म्हणाल्या, म्हणून वाचल्या. टाळ्या झाल्या. सचिव माधवराव आभार मानायला उठले आणि म्हणाले, "नाश्ता उधर लगा है."

बाजिंदाने त्यांचा झब्बा धरला. त्यावर मराठी भाषेच्या बेचाळीस रक्षकांपैकी एकाच्याही तोंडून मराठी निघालं नाही. "उधर मत भागो!" "अरे, इधर से पकड़ो!" "किधर गया?" बिचारा कुत्रा सभागृहाच्या मधोमध उभा राहून सगळीकडे पाहत राहिला. एवढी डुकरं एका जागी त्याने आयुष्यात पाहिली नव्हती.

दुसरा ठराव एकमताने झाला: सदर श्वान कुटुंबांसाठी असुरक्षित असून आठ दिवसांत परत पाठवावा, अन्यथा अध्यक्षांनी पद सोडावं. (ठराव मराठीत. चर्चा हिंदीत.) अकरा वर्षांचं अध्यक्षपद होतं. प्रभाकररावांनी मान डोलावली आणि विष्णूला फोन लावला.

घरी आल्यावर हे मानसीला सांगायचं होतं. ती बाजिंदाच्या पाठीवर डोकं टेकून चित्रं काढत होती. प्रभाकररावांनी आवाज मऊ केला. "देखो बेटा, इसको अब अपने घर जाना पड़ेगा."

मानसीने वर पाहिलं. "आजोबा, मराठीत सांगा."

प्रभाकरराव तिच्याजवळ खाली बसले. त्यांनी वाक्य मनात जुळवून पाहिलं. मराठीत ते वाक्य फार नागडं होतं. त्यात नुसतं इतकंच येत होतं की अध्यक्षपद जाईल म्हणून आजोबा भ्यायले. असं नातीला कसं सांगायचं? हिंदीत ते किती सहज निघालं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज अगदी शुद्ध मराठीत वाटली.

"काही नाही," ते म्हणाले. "कुठेही जात नाही तो."

राजीनामा दुसऱ्या दिवशी गेला. आता ते फक्त आजोबा आहेत. बत्तीसचे आठ झाले आहेत, झोपेत एक. बाजिंदा घरच्यांसाठी पूर्ण सुरक्षित आहे, असा समितीचा अंतिम अभिप्राय आहे; घरचे त्याच्यासाठी हळूहळू होत आहेत.

फोन लावलाच होता म्हणून विष्णूने एक बातमी कळवली. यंदा त्याच्याकडे आठ पिल्लं झाली आहेत, आणि ती खास महाराष्ट्रासाठी राखून ठेवली आहेत. पुण्यात, नाशकात कोण 'इधर-उधर' करतंय, असं तुम्ही म्हणाल. म्हणून ही पिल्लं 'सॉरी', 'ॲक्च्युअली' आणि रिक्षावाल्याला हात करून बोललेलं पहिलं वाक्य, एवढ्यावरच तयार केली आहेत. एक पिल्लू तुमच्या पत्त्यावर निघालं आहे. आज सकाळपासून घरात काय काय बोललात ते आठवा, आणि पाय वर घेऊन बसा.