बटणाचं काय?

मोजणी खात्यात नकाशे काढणाऱ्या आरेखकाला आता शंका उरली नव्हती. त्याच्या घरातलं बोलणं कोणीतरी चोरून ऐकत होतं. सोमवारी जेवताना तो बायकोला म्हणाला, "उद्या आईला काही झालं तर आपलं कसं व्हायचं?" मंगळवारी ऑफिसात फोन आला आणि एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, उद्या आईंना काही झालं तर तुमचं कसं व्हायचं? आमची विमा योजना ऐकाल का?" गुरुवारी त्याने घरात स्वतःच्या छातीत कळ आल्याचं सांगितलं. शुक्रवारी तीच मुलगी छातीची चौकशी करायला हजर. घरच्यांनी केली नव्हती.

"हा फोनच ऐकतो आपलं," तो कुजबुजला.

"ऐकू दे की," बायको म्हणाली. "या घरात माझं कोणी ऐकत नाही. त्याने तरी ऐकावं."

पण आरेखक हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतला नव्हता. लहरी धातूतून जात नाहीत, असं त्याने कुठेतरी वाचलं आणि रविवारी तो ॲल्युमिनियम फॉइलच्या तीस गुंडाळ्या आणि तारेची बारीक जाळी घेऊन आला. दोन खोल्यांचं घर त्याने आतून मढवायला घेतलं. काम करायचं तर नकाशासारखं. प्रत्येक पट्टीवर पुढची पट्टी बरोबर अर्धा इंच चढलेली, कोपऱ्यात काटकोन तपासायला गुण्या लावलेला. छत झालं, भिंती झाल्या, न्हाणीघर झालं, खिडक्यांना जाळी लागली. शेजारच्या काकूंची आणि यांची भिंत एकच होती, आणि तिला टेकून आईचं लाकडी कपाट उभं होतं. ते काही केल्या हलेना, म्हणून त्याने कपाटालाच मढवलं.

आई पलंगावर बसून हे सगळं बघत होती. मागच्या वर्षी ती एकदा पडली, तेव्हा त्यानेच तिच्या गळ्यात एक बटण अडकवलं होतं. ते दाबलं की त्याचा फोन वाजायचा.

"बाळा, आता या बटणाचं काय?" तिने विचारलं.

"आई, मी शिडीवर आहे. मध्ये बोलू नकोस."

थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं. तेव्हा त्याच्या तोंडात चिकटपट्टी होती.

संध्याकाळी बायकोने जिन्यात जाऊन त्याला फोन लावला आणि आत येऊन सांगितलं, "संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहात म्हणे." हे वाक्य ऐकून लोक वैतागतात. आरेखकाचा ऊर भरून आला. त्याने तिला आणखी दोनदा जिन्यात पाठवलं.

बुधवारी ऑफिसात फोन वाजला. "सर, घराला आतून चंदेरी कागद लावलाय ना? आग लागली तर?"

त्या संध्याकाळी त्याने दुसरा थर चढवला. दाराची फटसुद्धा सोडली नाही.

गुरुवारी दुपारी पुन्हा फोन आला. तो त्या मुलीला चार शब्द सुनावणार, तोच पलीकडून शेजारच्या काकू बोलल्या. "भाऊ, लगेच या. आई न्हाणीघरात पडल्यात. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलंय, गाडी बोलावलीय."

तो पोचला तेव्हा आईला स्ट्रेचरवर घेत होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. पाऊण तास ती फरशीवर पडून होती आणि तिचा अंगठा अजून त्या बटणावर होता.

दवाखान्याच्या बाकावर काकू त्याच्या शेजारी येऊन बसल्या. मग त्याने विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?"

"तांब्याने बादली वाजवत होत्या," काकू म्हणाल्या. "मी बाहेरून आले तेव्हा ऐकू आलं. मधली भिंत काय, तिकडे कोणी कूस बदलली तरी कळतं. कागदाने आवाज थोडाच अडतो?"

मग त्यांनी नजर खाली वळवली. "मी घरबसल्या विमा कंपनीला नंबर देते. ज्यांना गरज आहे, त्यांचे. कानावर आलेल्या बोलण्यासकट."

आरेखकाची कानशिलं तापली. तो उठलाच.

"रविवारी त्या दोनदा विचारत होत्या, बटणाचं काय म्हणून," काकू सावकाश म्हणाल्या. "तुम्ही उत्तर दिलं नाहीत. म्हणून तुम्ही दोघं कामाला गेलात की मी कान लावून बसायचे."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो पुन्हा बाकावर बसला.

आई दीड महिन्याने घरी आली. पूर्वीसारखं चालणं आता होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याआधीच फॉइल निघालं होतं, गुण्याबिण्या न लावता, ओरबाडून. आणि जे कपाट काही केल्या हलत नव्हतं, ते नवराबायकोने खांदा लावून समोरच्या भिंतीकडे नेलं होतं.

"कपाट कशाला हलवलंस रे?" आईने विचारलं.

या वेळी तो तिच्याजवळ जाऊन बसला. "तुझा आवाज नीट पलीकडे जावा म्हणून," तो म्हणाला.

आईने थोडा वेळ त्या उघड्या भिंतीकडे पाहिलं. मग नेहमीच्याच आवाजात विचारलं, "ऐकताय ना हो?"

पलीकडून लगेच उत्तर आलं, "कधीची."