चौथ्या प्रश्नाचा खोकला

अमेरिकेत बारावीनंतर डॉक्टर व्हायला आठ वर्षं लागतात. चार कॉलेजची, चार मेडिकलची. फिलाडेल्फियाच्या ईशान्य भागात आम्हा केरळी मंडळींचं जे चर्च आहे, त्यातल्या एकाही पालकाला हा कालावधी मान्य नाही. त्यामुळे काही विद्यापीठांनी दोन्ही पदव्या एकत्र शिजवून सात वर्षांत उरकून देणारा अभ्यासक्रम काढला, तेव्हा आम्ही त्याचं मनापासून स्वागत केलं. अट एकच: आपल्याला जन्मभर काय करायचंय याविषयी सतराव्या वर्षी तिळमात्र शंका असता कामा नये.

साजी कुरुविलाच्या मुलीला, मेरिनला सतरावं लागलं आणि साजीनं नि त्याच्या बायकोनं, लिस्सीनं, मिसेस हार्कर यांना गाठलं. या बाई पूर्वी एका प्रवेश समितीवर होत्या. आता त्या मुलांना समितीपुढे कसं बसायचं ते शिकवत.

अर्जातला पहिलाच रकाना होता: 'वैद्यकीय सेवेची ओढ प्रथम केव्हा जाणवली? वय वर्षे व महिन्यांत लिहा.'

"गेल्या वर्षी," मेरिन म्हणाली. "आई नर्स आहे त्या डायलिसिस विभागात मी शनिवारी जाते ना, तिथे. पण अजून नक्की सांगता नाही येणार."

मिसेस हार्करनी चष्मा काढला. "बाळ, मागच्या खेपेला एका मुलानं 'उणे तीन महिने' लिहिलं होतं. सोनोग्राफीच्या यंत्राकडे पाहून हसतानाचा फोटोही जोडला होता."

"मग मिळाला प्रवेश?" साजीनं विचारलं.

"प्रतीक्षायादीत आहे. घरात कोणी दीर्घ आजारी?"

साजी आणि लिस्सीनं ओशाळून एकमेकांकडे पाहिलं. घरात साजीचे वडील होते, म्हणजे मेरिनचे अप्पच्चन. वय ब्याऐंशी. एकतीस वर्षं कोट्टयम-कुमिळी घाटात सरकारी बस चालवलेली. अंगणातला बर्फ स्वतः फावड्यानं उपसत आणि वर ताटभर कप्पा, म्हणजे उकडलेला टॅपिओका, नि बीफ हाणत. त्यांना साधी गोळी चालू नव्हती.

"घरात ज्येष्ठ नागरिक उपलब्ध आहे," मिसेस हार्कर म्हणाल्या, "आणि सतरा वर्षांत तुम्ही त्याचा काहीच उपयोग केला नाहीत?"

घरी परतल्यावर विषय भीत भीतच काढला गेला. अप्पच्चन खुर्चीत सरसावून बसले.

"नातीसाठी आजारी पडायचं? पडतो की! काय होऊ दे बोला."

मधुमेह मिसेस हार्करनी नाकारला. सगळ्यांच्याच आजोबांना तो असतो. हृदयविकारावर ऑक्टोबरभर काम झालं, पण अप्पच्चन छाती धरायचे ती नेमकी उजवीकडे. शेवटी फुप्फुसांवर शिक्कामोर्तब झालं. मेरिननं 'रुग्णनिरीक्षण वही' सुरू केली. दीडशे तासांचं निरीक्षण अनिवार्य होतं. वहीत ती लिहायची, 'आज श्वास लागला', आणि शेजारी बसलेले अप्पच्चन म्हणायचे, "थोडा जास्त लाव गं, कंजूषपणा कशाला?"

खोकला शिकवायचं काम लिस्सीकडे आलं. सव्वीस वर्षं नर्स असलेली बाई. "खोट्या आजाराची रजा मागणाऱ्यांना मी दारातूनच ओळखते," ती मला एकदा म्हणाली. "आणि आता सासऱ्यांना सांगतेय, तसं नाही हो, घशातून नाही, खोलातून खोका!"

मेरिनला हे काही पटत नव्हतं. "आई, मी खरंच जे पाहिलंय तेच लिहिते ना. डायलिसिसला येणारे ते सुतारकाका, त्यांना सुईची भीती वाटते म्हणून मी गप्पा मारत बसते, ते..."

"गप्पांना तास धरत नाहीत," साजीनं विषय संपवला.

फेब्रुवारीत मुलाखत ठरली, घरूनच, पडद्यावर. मिसेस हार्करनी आराखडा पाठवला. चौथा प्रश्न नेहमी एकच असतो: 'तुम्हाला डॉक्टर का व्हायचंय?' तो येताच शेजारच्या खोलीतून खोकल्याची उबळ ऐकू यावी. उमेदवारानं क्षणभर तिकडे पाहावं, डोळे ओलावावेत आणि मग उत्तर द्यावं. खोकला सहा सेकंद. सात झाले तर समितीला संशय येतो.

दाराच्या फटीशी साजी उभा, आत खुर्चीत अप्पच्चन, आणि इकडे पडद्यावर तीन गंभीर चेहरे. तीन प्रश्न सुरळीत पार पडले.

"मिस कुरुविला, तुम्हाला डॉक्टर का व्हायचंय?"

शेजारून काहीच आलं नाही.

"अप्पच्चा, खोका!" साजी कुजबुजला. "चौथा झाला!" अप्पच्चन एका बाजूला कलले. तोंड वाकडं झालं. "अहो, एवढं नको! नुसतं खोकायचंय!"

मेरिनच्या कानावर ते कुजबुजणं आलं, पण त्यावर अप्पच्चनचा एकही शब्द आला नाही. बसस्टँडवरच्या आवाजात बोलणारा तो माणूस उत्तर देत नाही, एवढं तिला पुरलं.

"माफ करा, मला आजोबांकडे जायला हवं," ती उठली.

"मुलाखतीची वेळ वाढवता येत नाही," मधला चेहरा म्हणाला.

अप्पच्चनचा डावा हात खुर्चीवरून लोंबत होता. ते अजून खोकायचा प्रयत्न करत होते. मेरिननं त्यांना हात वर करायला सांगितलं. एकच वर गेला. तिनं घड्याळ पाहिलं, रुग्णवाहिका बोलावली आणि साजी काळी कॉफी घेऊन धावला तेव्हा ओरडली, "बाबा, तोंडात काही घालू नका! कधी सुरू झालं ते सांगा आधी. नक्की वेळ!"

"चौ... चौथ्या प्रश्नाला," साजी रडत म्हणाला.

पक्षाघात होता. पण गुठळी विरघळवणारं औषध वेळेत देता आलं. तिथल्या डॉक्टरीणबाई लिस्सीला म्हणाल्या, अर्धा तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अप्पच्चनना वाचा आली, अडखळत.

"चुकलो का गं मी? तुझा... तुझा खोकला राहिला."

मेरिन त्यांच्या हातावर डोकं ठेवून इतकी रडली की लिस्सीला तिला बाहेर न्यावं लागलं.

आठ दिवसांनी विद्यापीठाचं पत्र आलं. 'उमेदवार प्रश्न क्रमांक चारच्या वेळी आजोबांच्या प्रकृतीच्या कारणास्तव अनुपस्थित होती. सबब, वैद्यकीय सेवेशी आजन्म बांधिलकी सिद्ध होत नाही.'

त्याच संध्याकाळी मिसेस हार्करचा फोन. आवाजात उत्साह मावत नव्हता. "पक्षाघात! आणि खरा! रुग्णालयाचे कागद आहेत ना? आपण अपील करू. तो लुळा हात समितीला दाखवता येईल का?"

फोन मेरिननं घेतला. "नाही दाखवता येणार," ती म्हणाली. "तो हात माझ्या आजोबांचा आहे." आणि तिनं फोन ठेवला.

आता ती साध्या चार वर्षांच्या कॉलेजात जाणार आहे. पुढे काय, असं विचारलं तर सांगते, "माहीत नाही अजून." सतरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून हे वाक्य आमच्या चर्चमध्ये प्रथमच ऐकू आलं. पुढच्या रविवारी तिच्यासाठी खास प्रार्थना झाली.

अप्पच्चन घरी आल्यावर आम्ही सगळे संत्री घेऊन भेटायला गेलो. माणसं दोन मिनिटं त्यांच्यापाशी बसत आणि मग लिस्सीला स्वयंपाकघरात गाठून मिसेस हार्करचा नंबर मागत. मला शिसारी आली. परतताना गाडीत मी बायकोला म्हणालो, "काय माणसं आहेत गं ही! कशाची म्हणून लाज नाही."

"नाहीच मुळी," शीबा म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुमच्या आई जूनमध्ये येतायत ना? त्यांचं ब्लडप्रेशर कसं आहे हल्ली?"

"एकदम नॉर्मल."

"असू दे," ती म्हणाली. "आपली ॲन सहावीतच आहे."

तिला झापायचं म्हणून मी तोंड उघडलं. पण मी मनात हिशेब करत होतो: आई आत्ता एकाहत्तरची, म्हणजे ॲन बारावीत जाईपर्यंत सत्त्याहत्तर.

हे वाचून तुम्हाला आमची किळस आली असेल. येऊ द्या, हक्क आहे तुमचा. फक्त एवढं सांगा, तुमचं लेकरू कितवीत आहे?