हुकावरचं वजन

"तोफा ओढल्यात मी, तोफा! ह्ये खेळणं आटपाडीला न्यायचं म्हंजे काय अवघड?" उंब्रजचा वीरधवल बायकोला, दीपमालाला, म्हणाला.

फौजेत त्याने ट्रक चालवले होते. खेळणं म्हणजे नुकताच घेतलेला छोटा पोकलेन. आटपाडीच्या आप्पासोंचं शेततळं खोदायचं, हे त्याचं पहिलंच काम. आप्पासोंनी फोनवर बजावलं होतं, "आज पोचला न्हाईसा, तर विट्याचा गडी मशीन घिऊन तयार हाय बगा!"

पोकलेन न्यायच्या ट्रेलरला मधोमध चाकांची एकच जोडी होती. उतरवायला सोपं जावं म्हणून वीरधवलने पोकलेन पार मागच्या कडेला उभा केला. ट्रेलरचा पुढचा हूक आपल्या पिकअपला अडकवायला गेला, तर तो टुणकन वर उडाला!

"आवं, ह्यो वर का उठतुया?" दीपमालाने विचारलं.

"उत्साह हाय त्येला! बस गाडीत," हूक दाबून अडकवत तो म्हणाला.

कराडपर्यंत ठीक गेलं. पुढे रस्ता मोकळा मिळाला, वीरधवलने वेग वाढवला आणि ट्रेलर मालक दिसलेल्या कुत्र्याच्या शेपटीसारखा हलायला लागला. ट्रेलर डावीकडे, की पिकअप उजवीकडे! समोरची एसटी घाबरून साइडपट्टीवर उतरली. दीपमालाने एका हाताने जेवणाचा डबा धरला, दुसऱ्याने देवाला हात जोडायचा प्रयत्न केला.

विट्याच्या अलीकडे हवालदाराने गाडी अडवली.

"किती घेतलीया?"

"सायेब, सकाळपास्नं निस्ता च्या!"

"फुंका."

वीरधवलने फुंकलं. यंत्रावर शून्य. हवालदाराने यंत्र झटकलं, पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा शून्य!

"मग गाडीनं घेतली आसंल," हवालदार म्हणाला. "मशीन पुढं घ्या, न्हाईतर हितंच ऱ्हावा."

वीरधवलने हुकूम पाळला. फौजी माणूस, अर्धवट काही करायचा नाही! पोकलेन त्याने इतका पुढे घेतला, की त्याचं खोदायचं बकेट पिकअपच्या मागच्या काचेतून आत डोकावायला लागलं. पिकअपचं बूड खाली बसलं, तोंड आभाळाकडे गेलं.

"स्टेरिंग बघ कसं लोण्यावानी फिरतंय!" वीरधवल खूश झाला.

फिरणारच! पुढची चाकं रस्त्याला जेमतेम टेकत होती. वळण आलं. वीरधवल वळला, स्टेरिंग वळलं, पिकअप मात्र सरळ गेली आणि एका कडब्याच्या गंजीत तोंड खुपसून थांबली.

डोक्यावरचा कडबा झटकत दीपमाला म्हणाली, "मागं ठेवलं तर नाचतंय, पुढं ठेवलं तर ऐकत न्हाई. मधलं काय हाय का न्हाई?"

वीरधवलने गाडी गंजीतून मागे घेतली. मग त्याने पोकलेन वीत-वीत मागे घेतला. प्रत्येक वेळी उतरायचं, हूक बघायचा. शेवटी हूक पिकअपवर थोडा दाबून बसला आणि गाडीही सपाट उभी राहिली. तिथून आटपाडीपर्यंत ट्रेलर शहाण्या बैलासारखा मागून आला.

आप्पासो बांधावर वाटच बघत होते. रान उताराचं, खाली त्यांची डाळिंबाची बाग. वीरधवलने बागेकडे तोंड करून गाडी लावली, हँडब्रेक ओढला, मागे फळ्या लावल्या आणि ऐटीत पोकलेनवर चढला. पोकलेन उलटा उतरायला लागला. ट्रेलरच्या चाकांच्या मागे भार गेला, तसा ट्रेलर मागे टेकला आणि हुकाने पिकअपचं बूडच उचललं! हँडब्रेक लागतो मागच्या चाकांना, आणि ती तर हवेत!

पोकलेनने मागे उतरताना ट्रेलरला पुढे रेटलं. तो स्वतः धप्पकन जमिनीवर आला. मागची चाकं परत टेकली, पण एकदा सुटलेली पिकअप हँडब्रेकला न जुमानता ट्रेलर घेऊन भुसभुशीत उतारावरून घसरायला लागली.

"आवं! गाडी चाललीया!" पिकअपमध्येच बसलेली दीपमाला ओरडली.

"कोण चालवतंय?"

"कोणच न्हाई!"

गाडी सावकाश, अगदी पाहुण्यासारखी, बागेत शिरली आणि तिसऱ्या झाडापाशी मातीत रुतली. दीपमाला डब्यासकट खाली उतरली. तिने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आप्पासोंनी शांतपणे तंबाखू मळली. "फौजी, मशीन झ्याक हाय. तळं उद्या बघू. आधी माज्या डाळिंबातनं तुमची गाडी काढा."

वीरधवलने मुकाट्याने पोकलेन चालू केला. पहिलं गिऱ्हाईक तो स्वतःच होता!