बिल्ला टेबलावर

हेडक्लार्कांच्या स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज ऑफिसच्या खणात पडून होता. तीन महिन्यांत त्यांनी त्यावरची तारीख तीनदा खोडली होती. एकदाचं काय ते ठरवा, असं सांगून बायकोही थकली होती. त्यातच दाढ ठणकू लागली आणि दातांच्या डॉक्टरांनी रूट कॅनालसाठी चार खेपा सांगितल्या, दर मंगळवारी साडेसहाला.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीवर, आवाज बंद करून, काऊबॉयचा एक जुना सिनेमा लावलेला असे. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. हेडक्लार्कांना असल्या घोडे-पिस्तुलांचा मनापासून कंटाळा. पण यात पिस्तूल निघतच नव्हतं. एक म्हातारा शेरीफ पायऱ्या झाडायचा, कुणाकुणाची भांडणं सोडवायचा आणि खुर्चीत बसून, बूट काढून तळपाय चोळायचा. ते चोळणं बघून हेडक्लार्कांना भरून आलं. इतकं आपलं माणूस त्यांना एकतीस वर्षांच्या नोकरीत भेटलं नव्हतं.

मग गावात तीन गुंड येत असल्याची तार येते. शेरीफ ती वाचतो, छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवतो, दारातल्या घोड्याकडे बघतो...

"साडेसहा वाजले. चला आत," रिसेप्शनच्या बाई म्हणाल्या.

बाहेर येईपर्यंत सिनेमा पुन्हा सुरू झालेला. बाई रोज ठरल्या वेळी डिस्क लावत आणि डॉक्टरही वेळेचे पक्के, त्यामुळे चारही मंगळवारी इकडे बिल्ला टेबलावर पडला की तिकडे हाक येई. दाढ बरी झाली, शेरीफचं मात्र राहिलं. एव्हाना हेडक्लार्कांनी अर्जाचा निर्णयही त्याच्यावरच सोपवला होता. तो घोड्यावर बसून निघून गेला तर अर्ज द्यायचा, बिल्ला परत लावला तर फाडायचा.

पाचव्या मंगळवारी ते पावणेसातची वेळ घेऊन, गाल धरून हजर झाले. कुणाला शंका नको म्हणून थोडं कण्हलेही. ते इतकं झकास जमलं की डॉक्टर स्वतः बाहेर आले.

"एवढं दुखतंय? मग आधी तुम्हीच या."

साडेसहाच्या पेशंटनेही माणुसकी दाखवली. टीव्हीवर शेरीफचा हात नुकताच बिल्ल्याकडे चालला होता.

कुठली दाढ, असं विचारल्यावर हेडक्लार्कांनी सापडेल तिथे बोट ठेवलं. ती अक्कलदाढ निघाली. वाकडीच आहे, काढून टाकू, असं डॉक्टर म्हणाले. खरं सांगायचा धीर होईपर्यंत जीभ बधिर झाली होती.

कापसाचा बोळा चावत ते बाहेर आले, तर शेरीफ पायऱ्या झाडत होता. त्यांनी चिठ्ठीवर लिहून बाईंना विचारलं, शेवटी काय होतं?

"शेवट कुणी बघितलाय?" बाई पर्स आवरत म्हणाल्या. "डिस्कवर ओरखडा आहे. बिल्ला ठेवला की परत पहिल्यापासून. आठ महिने झाले, बिचारा रोज नोकरी सोडतो आणि रोज झाडायला लागतो."

हेडक्लार्क चिठ्ठी खिशात घालून उठले. मग घरी गेले आणि बूट काढून बराच वेळ तळपाय चोळत बसले. काय ठरलं, असं बायकोने विचारलं, तेव्हा त्यांनी तोंडातल्या बोळ्याकडे बोट दाखवलं.

बुधवारी सकाळी त्यांनी खणातून अर्ज काढला, तारीख खोडून पुढच्या महिन्याची घातली, अर्ज परत आत ठेवला आणि फडकं घेऊन टेबल पुसायला सुरुवात केली.